जुन्या पिकअप गाडीची ओढ का कमी होते?
मालकांच्या तक्रारी व त्यांची क्रमवार तपासणी

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शेतमाल पेठेत नेण्याचे काम आता बहुतांशी लहान मालवाहू मोटारीने, म्हणजे जिला सर्वजण पिकअप म्हणतात त्या गाडीने होते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, कोरेगावकडील आले व घेवडा, तासगावची द्राक्षे व बेदाणा, सांगलीच्या पेठेत येणारी हळद, आटपाडी-जतकडील डाळिंबे, हा माल शेतातून निघतो तो या गाडीच्या हौद्यातून. नवी गाडी घेणे सर्वांनाच झेपत नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी विकत घेऊन तीवरच हंगाम काढणारे शेतकरी पुष्कळ आहेत. गाडी जुनी असणे हा काही दोष नव्हे. नीट राखलेली जुनी गाडी हयगय झालेल्या नव्या गाडीपेक्षा अधिक भरवशाची असते. तथापि जुन्या गाडीचा मालक एक तक्रार हमखास घेऊन येतो : "गाडी ओढत नाही, रेस दिली तरी वेग घेत नाही."

ही तक्रार "बैल खात नाही" या तक्रारीसारखीच आहे. बैल खात नाही असे सांगितल्याबरोबर कोणी शहाणा पशुवैद्य औषधाची बाटली हाती देत नाही. ताप आहे काय, रवंथ करतो काय, शेण कसे पडते, हे तो आधी विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. मालक गॅरेजात जाऊन "ओढ नाही" एवढेच सांगतो, आणि मिस्त्रीही घाईत असला तर पंप व नोझल काढून दुरुस्तीस पाठवतो. हजारो रुपये खर्च होतात, ऐन तोडणीचे चार दिवस गाडी उभी राहते, आणि पुष्कळदा शेवटी असे आढळते की दोष काहीशे रुपयांच्या फिल्टरमध्ये किंवा एका सैल पट्टीत होता. द्राक्षाचा किंवा स्ट्रॉबेरीचा माल चार दिवस थांबत नाही. म्हणून गॅरेजात जाण्यापूर्वी मालकाने स्वतः काय पाहावे व काय सांगावे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना समजावून देणे अगत्याचे आहे.

या भागातील शेतकऱ्याला इंजिन नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानाच्या हद्दीत कुंडलनजीक किर्लोस्करवाडी वसविली व तेथून लोखंडी नांगर आणि पुढे पंप शेतकऱ्यांच्या हाती आले. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर व तेलावर चालणारी इंजिने बाहेर पडली. वीज येण्यापूर्वी विहिरीवर अशी इंजिने चालविलेली वडीलधारी माणसे अजून गावोगाव भेटतात. धुराचा रंग पाहून ती इंजिनाची प्रकृती सांगत. पिकअपचे डिझेल इंजिन त्याच कुळातील असल्याने ते ज्ञान येथेही उपयोगी पडते. धूर काळा असेल तर डिझेलाच्या मानाने हवा कमी पडते किंवा बोजा फार झाला आहे. धूर निळसर असेल तर इंजिनाचे ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे, अथवा थंड करण्याचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल तर दुसरी शक्यता अधिक धरावी व गाडी तशीच हाकू नये.

तक्रार कशी सांगावी

मालकाने पुढील गोष्टी एक-दोन दिवस ध्यानपूर्वक पाहून कागदावर टिपाव्यात. ओढ एकाएकी गेली की महिना-दोन महिन्यांत हळूहळू कमी झाली? सकाळी गार इंजिनावर त्रास होतो की गाडी तापल्यावर? रिकामी गाडी नीट चालते व भरलेलीच अडते, की दोन्ही वेळा सारखेच? चढावर इंजिनाचा आवाज दबतो की उलट वाढतो? धुराचा रंग कोणता? शेवटच्या दोन प्रश्नांना फार महत्त्व आहे. इंजिनाचा आवाज दबत असेल तर इंजिनालाच शक्ती कमी पडते. आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असे असेल तर शक्ती निर्माण होते परंतु चाकापर्यंत पोहोचत नाही. या दोन तक्रारींच्या वाटा येथेच वेगळ्या होतात, आणि हे एक वाक्य मिस्त्रीला सांगितले तरी निम्मे काम झाले असे समजावे.

हवा

इंजिनाचा आवाज दबतो व काळा धूर येतो, अशा वेळी प्रथम एअर फिल्टर पाहावा. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या भागातील कच्च्या रस्त्यांवर, किंवा ऊसवाहतुकीच्या दिवसांत उसाच्या गाड्यांच्या मागून चालणाऱ्या पिकअपचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी भरतो. कागदी फिल्टर पाण्याने किंवा डिझेलने धुऊ नये. तो हलकेच आपटून धूळ झाडावी व हवेचा झोत आतून बाहेर, कमी दाबाने मारावा. नंतर फिल्टर उजेडासमोर धरून पाहावे. कोठे बारीक छिद्र दिसल्यास तो फेकून द्यावा. काही चालक "इंजिनाला मोकळा श्वास मिळतो" म्हणून फिल्टर काढूनच गाडी चालवतात. असे केल्याने दोन दिवस ओढ वाढल्यासारखी वाटते खरी, परंतु मातीचे कण सिलिंडर व रिंगा घासून टाकतात, आणि टर्बो असलेल्या गाडीत टर्बोची पातीही झिजतात. फिल्टर वाचविण्यासाठी इंजिन गमावण्याचा हा व्यवहार आहे.

टर्बो असलेल्या गाडीत आणखी एक जागा तपासावी. टर्बोपासून इंजिनापर्यंत दाबाची हवा नेणारी जाड रबरी नळी जुनी झाली की तिला भेगा पडतात, किंवा तिची पट्टी सैल होते. भेग नुसती पाहून दिसत नाही, नळी हाताने दाबून वाकवावी लागते. जेथून हवा फुटते तेथे बहुधा तेलकट डाग पडलेला असतो. चढावर रेस दिली की फुसफुस किंवा शिटीसारखा आवाज, पाठोपाठ काळा धूर, आणि एकाएकी गेलेली ओढ, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की प्रथम ही नळीच पाहावी. पट्टी आवळण्यास पाच मिनिटे लागतात.

डिझेल

धूर फारसा नाही, गाडी कमी वेगात बरी चालते, पण चढावर काही वेळाने दम टाकते आणि थोडा वेळ थांबवल्यास पुन्हा चालू लागते, हे डिझेल कमी पडत असल्याचे चिन्ह होय. या तक्रारीत सर्वात स्वस्त तपासणी टाकीच्या झाकणाची आहे. झाकणात हवा आत जाण्यासाठी असलेले बारीक छिद्र मातीने बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते व डिझेल ओढले जात नाही. गाडीने दम टाकल्यावर झाकण उघडावे. आत हवा ओढल्याचा आवाज होऊन गाडी पुन्हा ओढू लागली, तर दोष सापडला.

तसे न झाल्यास डिझेल फिल्टरकडे वळावे. पुष्कळ शेतकरी ट्रॅक्टरसाठी पंपावरून कॅनमध्ये आणलेले डिझेलच पिकअपमध्येही ओततात. गोठ्याच्या कोपऱ्यात महिनाभर उघडझाप झालेल्या कॅनच्या तळाशी पाणी व माती साचते. असे डिझेल ओतायचेच झाले तर कॅन काही तास न हलवता ठेवावा, बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओतावे, आणि तळचे डिझेल ओतू नये. फिल्टरखाली पाणी काढण्याचा नळ असतो. सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी तो किंचित उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसेल. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवल्यास आतील दमट हवेचे पाणी होते, म्हणून टाकी संध्याकाळीच भरून ठेवणे बरे.

सकाळी स्टार्टर फार वेळ मारावा लागतो आणि चालू झालेले इंजिन गचके खात बंद पडते, असे असल्यास नळी कोठेतरी हवा घेत आहे असे समजावे. रबरी नळ्यांची टोके, फिल्टरवरील तांब्याचे वायसर व हातपंपाची रबरे ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. डिझेल बाहेर गळत नाही म्हणजे हवा आत शिरत नाही, असा समज करून घेऊ नये. ओढीच्या बाजूला असलेल्या भेगेतून थेंबही न गळता हवा आत जाऊ शकते. इतके सर्व पाहून झाल्यावरच पंप व नोझलची शंका धरावी.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. जुन्या धाटणीच्या पंपाच्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्यासाठी मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलच्या नळीचे नट ढिले करीत. अलीकडील कॉमनरेल पद्धतीच्या गाडीत हा प्रयोग मुळीच करू नये. तिच्या नळ्यांतील डिझेलाचा दाब हजार बारहून अधिक असतो, आणि सुईसारखी बारीक धार हातमोज्यातूनही कातडीत शिरते. अशी जखम वरून टाचणी टोचल्याइतकी दिसते, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात कापण्याची पाळी येऊ शकते. असा अपघात झाल्यास दुखत नसले तरी त्वरित रुग्णालयात जावे व डिझेल शरीरात शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशा गाड्यांत काही बिघाड झाला की संगणक स्वतःच इंजिनाची शक्ती मर्यादित करतो व समोर दिवा लागतो. ओढ एकाएकी गेली व दिवाही लागला तर खोलाखोल न करता स्कॅनर असलेल्या गॅरेजात गाडी न्यावी, आणि दिवा कोणत्या प्रसंगी लागला ते सांगावे. बॅटरीची तार काढून दिवा घालवून नेऊ नये. तसे केल्याने बिघाडाची नोंद पुसली जाऊ शकते.

क्लच व ब्रेक

इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही आणि करपल्याचा वास येतो, हे क्लच प्लेट घसरत असल्याचे लक्षण आहे. खात्री करण्याची रीत अशी : गाडी सपाट मोकळ्या जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक पूर्ण ओढावा व गाडीच्या पुढेमागे कोणासही उभे राहू देऊ नये. इंजिन चालू करून वरचा गियर टाकावा व किंचित रेस देऊन क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडले तर प्लेट ठीक आहे. क्लच पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिले तर प्लेट घसरते. ही परीक्षा एकदाच करावी, वारंवार केल्यास चांगली प्लेटही जळते. नवी प्लेट टाकण्यापूर्वी पेडलला थोडी मोकळी चाल आहे की नाही ते तपासावे, व जुनी प्लेट तेलाने भिजली असल्यास तेल कोठून आले ते शोधावे. ते न शोधता टाकलेली नवी प्लेटही लवकरच जाते. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरणे आणि चालविताना पाय सतत पेडलवर ठेवणे, या दोन सवयींनी जितक्या प्लेटा जळतात तितक्या ओझ्याने जळत नसतील.

कधी कधी इंजिन व क्लच दोन्ही निर्दोष असतात, पण चाकच अडखळते. पाटण, जावळी, महाबळेश्वर या अतिपावसाच्या तालुक्यांत चाकाजवळील ब्रेकचे सिलिंडर व हँडब्रेकची तार गंजून अडकते. पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून थांबावे व प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ, स्पर्श न करता, हाताची मागची बाजू धरावी. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंगमधील ग्रीस संपले आहे. चाकात हवा कमी असली तरी गाडी जड होते, हे सांगावयास नकोच.

रेस अडकली तर

ओढ कमी होण्यापेक्षा रेस अडकणे अधिक घातक. पायाखालची चटई पेडलवर सरकणे, तारेचे धागे सुटून ती आवरणात अडकणे, परत ओढणारी स्प्रिंग तुटणे, ही याची कारणे होत. अशा वेळी क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी, ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा व बाजूला घेऊन थांबल्यावर इंजिन बंद करावे. धावत्या गाडीची किल्ली काढू नये. तसे केल्यास स्टेअरिंग जागच्या जागी अडकू शकते, आणि इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन दाबांतच संपते.

याहून निराळा प्रकार टर्बो असलेल्या जुन्या इंजिनात क्वचित घडतो. टर्बोचे सील गेले म्हणजे इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन पळू लागते. तेलाच्या वाटीचा एअर फिल्टर असलेल्या इंजिनात खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यासही असेच होते. तेव्हा किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, आवाज चढत जातो व मागे दाट धूर निघतो. उभ्या गाडीत हे घडल्यास ब्रेक घट्ट दाबून वरचा गियर टाकावा व क्लच सोडून इंजिन गुदमरवावे. ते साधले नाही तर हवा घेण्याच्या तोंडावर लाकडी फळी दाबून हवा तोडावी. हात किंवा कपडा लावू नये, इंजिन तो आत ओढून घेते. तेही शक्य नसेल तर माणसांना दूर करावे. इंजिन जाईल, पण माणसे राहतील.

घाट व ओझे

पाचगणीस खते व रोपे घेऊन पसरणीचा घाट चढताना ओढ थोडी कमी भासली तर ती सर्वस्वी बिघाडाची नव्हे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे व तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे बारा टक्के विरळ असते. ज्या गाडीला टर्बो नाही तिला हे विशेष जाणवते. तुलना करावयाची ती याच गाडीच्या, याच घाटातील, मागील वर्षीच्या चालीशी करावी.

ओझ्याचा हिशेबही प्रामाणिकपणे व्हावा. एका क्रेटमध्ये २० किलो द्राक्षे धरली तर ६० क्रेटांचे १,२०० किलो होतात. रिकाम्या क्रेटचे वजन पावणेदोन किलो धरल्यास त्यात आणखी १०५ किलोंची भर पडते, आणि हौद्यात बसलेले चार हमाल हिशेबात कोणी धरतच नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसविणे कायद्याला धरून नाही, आणि ते धोक्याचे किती आहे हे या भागाने पाहिले आहे. २०१८ च्या एप्रिल महिन्यात खंबाटकीच्या बोगद्यापुढील वळणाच्या उतारावर मजुरांना नेणारे मालवाहू वाहन उलटून अठरा जण मृत्युमुखी पडले.

उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची खोड अनेक चालकांना आहे. वास्तविक गियरमध्ये असलेल्या गाडीची रेस सोडली की इंजिनाला जाणारे डिझेल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत तर नाहीच, आणि सारा भार ब्रेकवर येऊन लायनर तापतात व धरेनासे होतात. ज्या गियरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गियरमध्ये तो उतरावा. ब्रेकचे ऑइल हवेतील ओल शोषून घेते व असे ऑइल घाटात तापून उकळले की पेडल एकाएकी पोकळ होते. म्हणून ते कमी झाले नसले तरी दोन वर्षांनी बदलावे. फिल्टरचा खर्च टाळल्यास गाडी अडते. हा खर्च टाळल्यास ती थांबत नाही.

नोंदवही

प्रत्येक मालकाने एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, वरून घातलेले ऑइल व केलेली दुरुस्ती एवढेच लिहावे. ओढ कमी झाल्याचे पायाला जाणवण्यापूर्वी ते वहीत दिसते. लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी तशाच ओझ्याने व त्याच रस्त्याने अकरा देऊ लागली की एअर फिल्टर, चाकांतील हवा व ब्रेक या क्रमाने तपासणी सुरू करावी. जुनी गाडी घेणाऱ्यानेही विकणाऱ्याजवळ अशी वही आहे काय ते विचारावे. वही नसल्यास गाडी पूर्ण गार असताना स्वतः चालू करून पाहावी. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाचे पुष्कळ दोष झाकले जातात.

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. स्ट्रॉबेरीचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास व द्राक्षाचा जानेवारीत सुरू होतो. तेव्हा क्लच, ब्रेक व टर्बोची नळी ही कामे पाऊस उघडल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकावीत, म्हणजे गॅरेजात गर्दी नसते व पासिंगची तयारीही त्यातच होते. हंगामात गाडीबरोबर एक डिझेल फिल्टर, नळीच्या दोन पट्ट्या, फॅनबेल्ट, पाना-पकड, पाच लिटर स्वच्छ पाणी आणि चाकाला लावण्यास दोन लाकडी गुटके ठेवावेत. रस्त्यात तापलेल्या रेडिएटरचे झाकण अर्धा तास तरी उघडू नये.